पुढे ओढलेली सीट

प्लेनोतल्या घराच्या गराजमध्ये माझ्या दोन जुन्या गाड्या आहेत, सत्तावन्नची शेव्हरोले आणि सदुसष्टची मस्टँग. मस्टँग ऑटोमॅटिक, म्हणून ती मी बायकोला, नंदाला, दिली. तिचा जीव मात्र शेव्हरोलेवर.

"अहो, एकदा चालवू द्या ना," ती दर दसऱ्याला म्हणायची.

"गिअर तुला जमायचे नाहीत," मी न शिकवताच सांगायचो.

ती वारल्यावर मी शेव्हरोलेची बॅटरीच काढून ठेवली.

आज दसरा. दोन्ही गाड्यांना हार घातले, चाकांपुढे लिंबं ठेवली आणि मस्टँगची किल्ली आणायला आत गेलो.

परत आलो तेव्हा मस्टँगची लिंबं तशीच होती. शेव्हरोलेची चिरडलेली.

शेव्हरोलेचं दार उघडून आत बसू लागलो, पण पाय मावेनात. सीट पार पुढे ओढलेली होती, नंदाला लागायची तेवढी.