हजारोंनी उचलून धरलेला हात

आईला भरवून ताईने हात पुसले आणि मोबाइल उघडला. चर्चामंचावर धाकट्या भावाची पोस्ट हजारो अपव्होट घेऊन सगळ्यात वर झळकत होती: ‘अंथरुणाला खिळलेल्या आईची सेवा करताना’. फोटोत आईचा सुरकुतलेला हात कुणीतरी धरला होता. धरणाऱ्याच्या अंगठ्यावर पोळल्याचा डाग. तो अंगठा ताईचा होता. फोटोही तिनेच त्याला पाठवलेला. पठ्ठ्या वर्षभर घराकडे फिरकलाही नव्हता! संतापून तिने खाली लिहिलं, “मी याची बहीण. हा हात माझा.” बघता बघता डाउनव्होट बरसले. “जळकुकडी!” कुणीतरी लिहिलं आणि त्यालाच वाहवा मिळाली. भावाचा फोन आला. “ताई, चार लोक मला चांगलं म्हणतायत, तुझं काय जातंय?” “आई जागी आहे, बोल,” म्हणत तिने फोन आईच्या कानाला लावला. “बाळा?” आईचा चेहरा उजळला. पलीकडून फोन कट झाला होता.