घराला पाणी

पुढच्या दाराशी ठेवलेली गोटी कुणी न ढकलताच निघाली. बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर ओलांडून ती मागच्या दारावर आपटली.

"साडेचार इंचांचा उतार," घर तपासायला आलेला इबारा म्हणाला. "वाईट वाटतं, मॅम. पण राहण्याजोगं नाही, असंच मला लिहावं लागणार."

लव्हॉन टेबलाशी अक्रोडासारखे पेकन फोडून सोलत बसली होती. वय अठ्ठ्याहत्तर. तिनं मान खाली घातली.

"घराला पाणी घालत होतात ना?" त्यानं विचारलं.

टेक्ससमधल्या कॉर्सिकानाच्या आसपास हा प्रश्न कुणाला विचित्र वाटत नाही. उन्हाळ्यात इथली काळी माती आकसते, भेगाळते आणि वरचं घर खचतं. म्हणून लोक पायाच्या कडेनं पाझरणारी नळी टाकून रोज घराला पाणी घालतात.

"तीन उन्हाळे," लव्हॉन म्हणाली. "एक संध्याकाळ चुकवली नाही."

"पुढच्या अंगाला माती जरा ओलसर लागली."

"एसी तिकडंच गळतो."

इबारानं तसं लिहून घेतलं. त्याची गाडी फाटकाबाहेर पडायच्या आत भांडण सुरू झालं.

"झालं समाधान?" लव्हॉनचा मुलगा वेल्डन बहिणीवर उखडला. "गेल्या वर्षी त्या बिल्डरला मागच्या अंगणात तूच आणलं होतंस. त्याच्या माणसांनी खड्डे खणले आणि घर त्याच बाजूला कललं."

"हातभर खड्डे होते ते, ससासुद्धा बसला नसता त्यात," केंड्रा म्हणाली. "आणि त्या बिल्डरला रोज फोन कोण करतं? मी?"

फोन दोघंही करत होती. बापाच्या, कॉयच्या मृत्युपत्रात एक ओळ होती: घर राहण्याजोगं आहे तोवर लव्हॉन तिथंच राहील आणि जमीन विकली जाणार नाही; त्यानंतर ती लव्हॉनची. आज ती ओळ संपली. साठ एकर आता लव्हॉनचे होते. आणि लव्हॉनला कुठंतरी राहायला जायचं होतं.

"डॅडींनी जाण्याआधी दोन नळ्या आणून ठेवल्या," वेल्डन म्हणाला. "एक पुढं, एक मागं. दोन्हीकडं सारखं पाणी. इतका विचार केला होता त्यांनी. म्हणायचे, लव्हॉनला हे घर जिवापेक्षा प्यारं आहे."

"म्हणायचे खरं," लव्हॉन म्हणाली आणि दुसरा पेकन फोडला.

"ममा, तू माझ्याकडं सेलिनाला चल. चार बेडरूम आहेत. शाळा, दवाखाना, दुकानं, सगळं दारात."

"दारात?" केंड्रा हसली. "दारात पाट्या आहेत. लवकरच येत आहे, लवकरच येत आहे! ममा, याच्याकडं दूध आणायला चाळीस मिनिटं सिग्नलला उभं राहावं लागतं. आणि म्हणे डॅलसचं उपनगर. डॅलस बघायला दुर्बीण लागते."

"तू बोल तुझ्या फुलशिअरचं! ह्यूस्टनचे डास डास नसतात, चिमण्या असतात. दर जूनमध्ये वादळाच्या भीतीनं पाण्याच्या बाटल्या कोण भरून ठेवतं?"

"झाडं तरी आहेत आमच्याकडं. तुमच्याकडचं सगळ्यात उंच झाड माझ्या कमरेला लागतं."

"आमचं गाव तुमच्यापेक्षा वेगानं वाढतंय."

"पुरळही वेगानंच वाढतं, वेल्डन."

लव्हॉननं वीजबिलाचं जुनं पाकीट उलटं केलं, पेन्सिल हातात घेतली आणि त्यावर मधोमध रेघ मारली. दोघंही जरा सावरून बसली.

"घरं एकमेकांपासून किती लांब?" तिनं विचारलं.

"याच्या खिडकीतून हात काढला की शेजाऱ्याच्या टेबलावरचं मीठ मिळतं," केंड्रा म्हणाली.

"तुझ्याकडं वेगळं आहे का? एकाच साच्यातली घरं! मागच्या नाताळात तू स्वतः चुकीच्या घराची बेल वाजवलीस."

लव्हॉन लिहीत होती. "माती कसली?"

"काळीच," वेल्डन म्हणाला. "का?"

"तिथं घराला पाणी कोण घालतं?"



"घालशील तू. तुला सवय आहेच," वेल्डन म्हणाला. "आमच्याकडं ठरलेल्या दिवशीच घालता येतं, पण सांभाळून घेऊ."

"ऐकलंस, ममा? पोचायच्या आत याला माळी मिळाला."

"आणि तुला काय मिळणार आहे ते सांग ना! साठ एकर मिळाले नसते, तर ममासाठी खोली रिकामी झाली असती का?"

"तू तरी—"

"रविवारी सांगते," लव्हॉन म्हणाली.

निघताना केंड्रानं भावाकडं बघितलंही नाही. वेल्डननं तिच्या गाडीमागं मुद्दाम हॉर्न दाबून धरला. दोन गाड्या दोन दिशांना गेल्या, एक उत्तरेला, एक दक्षिणेला. लव्हॉन धूळ बसेपर्यंत पायरीवर उभी राहिली.

मग आत येऊन तिनं पाकीट फाडून कचऱ्यात टाकलं. शेल्फावरचं बायबल उघडून त्यातला एक कागद काढला. घडीवर तो विरत आला होता. 'लिअँडर गाव, ऑस्टिनपासून जवळ. भाड्याचा फ्लॅट, तिसरा मजला, लिफ्ट.' खाली फोन नंबर होता. तिनं फोन लावला आणि एवढंच म्हणाली, "हो, एक तारखेपासून."

सूर्य कलला तेव्हा ती रोजच्यासारखी नळापाशी गेली, पण नळ सोडला नाही. पुढच्या भिंतीकडेची झुडपं बाजूला करून तिनं नळी ओढून काढली, नीट गुंडाळली आणि शेडमधल्या खुंटीला अडकवली. तीन उन्हाळ्यांत ती जागोजागी तडकली होती.

शेजारच्या खुंटीवर मागच्या बाजूची नळी होती, दुकानातल्या वेष्टनासकट.