ताईंचं बोट

“एकालाही मदत लागली नाही. एकालाही!” वाचनालयाचे साहेब टेबलावरच्या कागदावर बोट आपटत म्हणाले. शेजारी यंत्राच्या कंपनीचा माणूस, पोराचा पहिला नंबर आल्यासारखा हसत होता.

समोर काउंटरवरच्या ताई उभ्या होत्या. त्यांना बसा म्हणायचं कोणाला सुचलं नव्हतं. दारापाशी पुस्तकं द्यायघ्यायचं यंत्र बसवलं तेव्हाच ठरलं होतं, काही महिने बघायचं. वाचकांना माणसाची गरज लागली तर काउंटर राहील, नाही तर जाईल. काउंटर म्हणजे ताई. नवरा गेल्यापासून घर त्या काउंटरवर चाललं होतं आणि मुलीचं शिक्षण अजून अर्ध्यावर होतं.

“पण साहेब, मी दिवसभर त्या यंत्रापाशीच उभी असते. कार्ड कुठे टेकवायचं तेसुद्धा लोकांना कळत नाही हो.”

“तुम्हाला तसं वाटतं, ताई. यंत्र शेवटी प्रत्येकाला विचारतं, ‘आपल्याला कोणाची मदत घ्यावी लागली का?’ सगळे ‘नाही’ म्हणालेत. हे काही आम्ही घरी बसून लिहिलेलं नाही. तुमच्याच वाचकांनी सांगितलंय.” साहेबांनी कागद बाजूला सारला. “महिनाअखेरीला काउंटर बंद.”

ताई जिना उतरू लागल्या. नोकरी गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त झोंबलं ते वाचकांचं बोलणं. गरज सरो, वैद्य मरो! शिपाईमामांनी यंत्र आलं त्याच दिवशी बजावलं होतं, “ताई, लोकांना जरा अडखळू द्या. त्यातच तुमचं भलं आहे.” ते ताईंना कधी जमलं नाही. बोट जरा जास्त वेळ टेकलं की यंत्र पहिल्यापासून सुरू होई. जरा विचार करत उभं राहिलं की ‘वेळ संपली’ म्हणे. चांगली शिकलीसवरलेली माणसं त्याच्यापुढे चोरी पकडल्यासारखी उभी राहत, आणि ते काही ताईंच्याने बघवत नसे. मग त्या जाऊन कार्ड टेकवून देत, पुस्तक नीट धरून देत, पडद्यावरचे पुढचे सगळे चौकोन पटापट उडवून लावत आणि पुस्तक हातात ठेवत. आणि वर हेच लोक यंत्राला सांगून गेले, मदत नाही लागली!

खाली यंत्रापाशी मास्तर उभे होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, हाताला कंप. ताईंना बघून त्यांचा चेहरा खुलला.

“आलात! या, हे बघा पुन्हा पहिल्यावर गेलं.”

ताईंनी हाताची घडी घातली. “तुमचं तुम्ही करा, मास्तर. तुम्हाला कोणाची मदत लागत नाही म्हणे.”

“कोण म्हणतं असं?”

“तुम्हीच म्हणालात. यंत्राला.”

मास्तर बावचळले. पुन्हा कार्ड टेकवलं, पुन्हा चुकलं. मागे रांग लागली, कोणीतरी घड्याळ बघून उसासा टाकला. मास्तरांच्या कपाळावर घाम आला. ताईंना वाईट वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं. भोगा म्हणावं आता.

अखेर कसंबसं ते शेवटच्या चौकोनापर्यंत पोचले. चष्मा कपाळावर चढवून पडद्याला नाक लावलं आणि मोठ्यांदा वाचलं, “आपल्याला कोणाची मदत घ्यावी लागली का?”

“सांगा आता खरं खरं,” ताई म्हणाल्या.

“खरंच सांगणार. रोज लागते.” मास्तरांनी डावीकडचं ‘हो’ दाबलं.

पडदा भरून प्रश्न आले. कशासाठी, कोणत्या टप्प्यावर, कितपत. उत्तर दिलं की खालून आणखी प्रश्न. मास्तरांचं बोट हवेतच थरथरत राहिलं.

“अहो, हे संपणार कधी? मागे लोक खोळंबलेत.” ते रडकुंडीला आले होते. “सोडवा हो मला.”

ताईंच्याने राहवलं नाही. त्या पुढे झाल्या आणि त्यांनी ‘मागे’ दाबलं. पडद्यावर पुन्हा तोच मदतीचा प्रश्न आला.

“एवढे दिवस येतोय, पण हा प्रश्न मला कधी दिसलाच नाही,” मास्तर चष्मा पुसत म्हणाले. “पुस्तक लगेच हातात यायचं. तुम्ही इथे काय दाबता हो, ताई?”

ताईंचं बोट सवयीनं, न वाचताच, उजवीकडच्या ‘नाही’वर जाऊन पोचलं होतं.