तुम्ही एकटे नाही आहात

इतर कंपन्यांतल्या खचलेल्या नोकरदारांना फोनवरून धीर द्यायचा, हे तिचं काम. या वर्षी देवाने तिच्या कंपनीलाही सुबुद्धी दिली आणि हीच सोय, नाव न विचारता, स्वतःच्या माणसांनाही फुकट मिळाली. दिवसभर लोकांची दुःखं ऐकून तिलाच रडू आवरेना, तेव्हा जिन्यात जाऊन तिने मोबाइलवरून तो नंबर लावला.

"आमचे सर्व समुपदेशक बोलण्यात गुंतले आहेत. तुम्ही एकटे नाही आहात," रेकॉर्ड वाजली.

तेवढ्यात सुपरवायझरबाई डोकावल्या. "अगं, इथे काय दडून बसलीस? बाकीच्या सगळ्या फोनवर आहेत आणि लाइनवर कुणीतरी केव्हाचं ताटकळलंय."

मोबाइल कानाशी तसाच धरून ती जागेवर धावली, फोन उचलला. "नमस्कार. निर्धास्त बोला, मी ऐकतेय."



दुसऱ्या कानात, मोबाइलमधून, तिचाच मायाळू आवाज आला.