बिनगोळीचा रिपोर्ट

सकाळी सहा चाळीसला कार्ल्याच्या डोंगराच्या पायऱ्यांवर आदिनाथ छाती धरून खाली बसला. सोबत त्याचा शेजारी महिपती होता. त्याला खाली उतरवून लोणावळ्याच्या हॉस्पिटलात पोचायला तासभर गेला.

"तीन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय," फाईल चाळत डॉक्टर म्हणाले. "कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे ना?"

"व्हय," आदिनाथची बायको अनिता म्हणाली.

"न्हाई," महिपती म्हणाला. "दोन महिने बंद हाय. मीच सांगितलं."

अनिताने त्याच्याकडे पाहिलं. डॉक्टर आत गेले.

महिपती बासष्टचा, देहूरोडच्या डेपोतून निवृत्त. त्यालाही तीच गोळी होती. पोटऱ्या दुखायच्या, चढाला दम लागायचा. ही गोळी चालण्याचा फायदा खाऊन टाकते, असं त्याने मोबाइलवर ऐकलं. त्याच संध्याकाळी उरलेल्या गोळ्या त्याने बायकोपुढे टाकल्या.

"चुलीत घाल."

"बरं," रतनबाई म्हणाली. वाद घातला नाही. तेव्हापासून जेवणानंतर वाटीभर नाचणीची आंबील मात्र ती समोर उभी राहून प्यायला लावायची. "तळाशी ठिवू नका."

आठवडाभरात पाय हलके झाले. चार महिन्यांनी रक्त तपासलं. आकडा पूर्वीपेक्षाही खाली आला होता. महिपतीने तो रिपोर्ट अर्ध्या गावाला दाखवला.

"भाऊ, आता गळ्यात बांधून हिंडा," आदिनाथ म्हणाला होता. हसत हसत त्यानेही गोळी सोडली.

साडेनऊला रतनबाई हॉस्पिटलात आली. तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. स्टेंट तुंबलाय, प्रयत्न चालू आहेत, आत्ता काही सांगता येत नाही, म्हणाले. "गोळीमुळंच झालं असं म्हणत नाही. पण सोडायला नको होती." दार पुन्हा बंद झालं.

अनिता भिंतीला टेकून उभी होती. "मंग भाऊ, तुमाला कसं काय झालं न्हाई?"

महिपतीने खिशातून घड्या पडलेला रिपोर्ट काढला. "देवाशपथ, अनिता. सहा महिने गोळीला शिवलो न्हाई. हे बघ की."

रतनबाईने तो कागद त्याच्या हातातून काढून घेतला.

"रोज घेत व्हता तुमी," ती म्हणाली. "दुकानातनं आणून आंबिलीत मीच कुटून घालत व्हते."