वय वर्षं तीन

ग्रंथपालबाईंनी पंधरा दिवस डोकेफोड करून गोष्टींच्या तासांचं वेळापत्रक बसवलं होतं. तीन वर्षांपर्यंतच्या मुलांनी मोठ्यांच्या मांडीवर बसून ऐकायचं. त्यापुढच्यांनी एकट्यानं आत बसायचं आणि त्यांच्या मोठ्यांनी बाहेर थांबायचं. मुलाशिवाय कुणा मोठ्याला प्रवेश नाही, हेही दारावर ठळक लिहिलं होतं.

एक आजोबा मात्र दर शनिवारी नातीला छोट्या गटात आणायचे आणि वहीत वय लिहायचे तीन. पोरीचे पुढचे दोन दात पडलेले. ती मांडीत मावायची नाही, सारखी चुळबुळ करायची, घड्याळ बघायची. तिच्या वाटचे हुंकारही आजोबाच द्यायचे. तिच्याकडे बघून बाईंचा गोष्टीतला धागा सुटायचा.

शेवटी बाईंनी त्यांना दारातच गाठलं. "आजोबा, हिला मोठ्या गटात घाला की. इथे कंटाळून जाते हो ती."

आजोबा समोरच असलेल्या चपला शोधायला लागले.



"मी केव्हाच गेले असते," नात म्हणाली, "पण मग आजोबांना आत कोण घेणार?"