डावी बाजू

केरबाने स्टेअरिंगवरचे दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले. उचगावच्या रस्त्यावर जुनी फियाट चाळीसच्या वेगाने चालली होती. त्याने मनातल्या मनात दहा आकडे मोजले. गाडी नाकासमोर चालत राहिली. इकडे नाही, तिकडे नाही.

त्याने गाडी वळवून शाहूपुरीतल्या आपल्या गॅरेजात आणली. आप्पासो बाकावर बसून वाट बघत होते. हुपरीत त्यांचा चांदीच्या पैंजणांचा धंदा. बावीस वर्षांत त्यांची ही गाडी दोन लाख सत्तर हजार किलोमीटर पळाली होती आणि तिला केरबाशिवाय दुसऱ्या कुणाचा पाना लागला नव्हता.

"घावलं?" आप्पासोंनी विचारलं.

"न्हाय."

"आरं, डावीकडं वडतीया म्हणून दोनदा आणली. दोन्ही बारीला केली म्हणालास. आन् परत तेच. उद्या घरातल्यास्नी आन् नातीला घिऊन बाहुबलीला दर्शनाला जायचंय मला."

केरबा पुन्हा कामाला लागला. चारी टायरांत हवा सारखी होती. त्याने जॅक लावून पुढची चाकं हाताने फिरवली; ब्रेक कुठे धरत नव्हता. स्टेअरिंगचे सांधे गेल्याच महिन्यात नवे घातलेले. रेडिएटरचा पाइप तेवढा झिरपत होता, तो त्याने बदलला. म्हातारपणाची दुखणी ती. त्यामुळे गाडी डावीकडे जात नाही.

जॅक काढताना त्याचं लक्ष डाव्या टायरकडे गेलं. बाहेरची कड दगडाला घासून सोलली होती. वर मडगार्डला तीन पोचे. एकात कुणाच्या तरी गाडीचा निळा रंग लागलेला. डावा आरसा तडकलेला. तो उठून पलीकडे गेला. उजव्या बाजूला ओरखडाही नव्हता.

केरबाने हात पुसले. मग बराच वेळ पुसतच राहिला.

"आप्पासो, आता तुमी चालवा. मी शेजारी बसतो."

आप्पासोंचा हात गाडीवर छान बसलेला होता. गिअर आवाज न करता पडत होते, घाई नव्हती. उचगाव मागे पडलं. पुढे रस्त्याच्या डाव्या कडेने एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चालली होती. गाडी हळूहळू तिच्या अंगावर जाऊ लागली. केरबाने आप्पासोंच्या हातांकडे पाहिलं. चाक ओढत नव्हतं. हातच गाडीला तिकडे नेत होते.

"आप्पासो!"

त्याने झेप घेऊन स्टेअरिंग उजवीकडे खेचलं. भारा खिडकीला घासला. गवताच्या चार काड्या केरबाच्या मांडीवर पडल्या.

"दिसत न्हाय व्हय रं, मुडद्या!" मागून बाई ओरडली.

आप्पासोंनी गाडी कडेला घेतली. त्यांना धाप लागली होती. "बघितलंस? आता तरी पटलं? वडली का न्हाय?"

केरबाने मांडीवरच्या काड्या झटकल्या. मग म्हणाला, "समोर बघा. मान वळवू नगा. माझी बोटं किती हायती?"

"कुठली बोटं?"

डॅशबोर्डच्या डाव्या टोकाशी केरबाने हात वर धरला होता. तो हात त्याने सावकाश पुढच्या काचेसमोरून उजवीकडे सरकवत नेला. हात काचेच्या मध्यापाशी आल्यावर आप्पासो म्हणाले, "तीन."

समोरून एक ट्रक गेला. त्याचा धुरळा काचेवर बसला. आप्पासोंनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला.

"दिवाळीपास्नं," ते म्हणाले. "घरात कुणाला सांगितलेलं न्हाय." मग ते पुन्हा बोलले, तेव्हा आवाज अगदी खाली आला होता. "केरबा, गाडीत कायतरी हाय म्हण की. पुन्यांदा खोल. लागू देत चार दिवस."

बावीस वर्षांत आप्पासोंनी त्याच्याकडे असं काही मागितलं नव्हतं. तरी केरबा म्हणाला, "गाडीत काय न्हाय, आप्पासो."

"हितनं हुपरीपतोर मी डोळं झाकून जाईन!"

"झाकूनच चाललाय की. ही बाई वाचली. उद्या नात बसंल हितं, माज्या जागंवर. डाव्या अंगाला."

आप्पासोंनी इंजिन बंद केलं. बराच वेळ ते स्टेअरिंग धरून बसले. मग दार उघडून उतरले आणि बॉनेटवर हात टेकत पुढून वळसा घालून आले. केरबा आधीच उतरून डावं दार धरून उभा होता.

"उद्या बाहुबलीला मी येतो चालवाय," तो म्हणाला. "परवा डोळ्याच्या डॉक्टरकडं. सोबत मीच. आन् घरात आज सांगायचं. तुमी सांगताय का मी सांगू?"

"मी सांगतो," आप्पासो म्हणाले आणि आत बसले. आपल्याच गाडीत त्या बाजूला ते पहिल्यांदा बसत होते. गुडघे कुठे ठेवावेत ते त्यांना समजेना.

केरबाने गाडी हुपरीच्या दिशेने सोडली. ऊन कलत होतं. मुडशिंगीच्या पुढे वळणावर म्हशींचा कळप अचानक रस्त्यात आला. केरबाने ब्रेक दाबला. शेजारी आप्पासोंचा उजवा पायही, जिथे काहीच नव्हतं तिथे, जोरात दाबला गेला. गाडी थांबली.

"ब्रेक बराबर लागतोय की," आप्पासो म्हणाले. शेवटची म्हैस पलीकडे जाईपर्यंत त्यांनी पाय उचलला नाही.